पाचोडहून दिल्ली किती तासांवर?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण २८० किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान पुरेशा उंचीवर गेलं की ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगानं जातं. भागाकार केला तर उत्तर येतं वीस मिनिटं. वेळापत्रकात मात्र याच उड्डाणाला तास-सव्वा तास लिहिलेला असतो, आणि पैठण तालुक्यातल्या पाचोडहून निघालेला माणूस दादरला पोचेपर्यंत पाच तास सहज जातात. वीस मिनिटं, सव्वा तास आणि पाच तास ही तिन्ही उत्तरं एकाच प्रवासाची आहेत आणि आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन विमानतळांमधलं अंतर शोधणारा माणूस बहुधा पहिलं उत्तर खरं धरतो आणि उरलेल्या दोन्हींना व्यवस्थेतली ढिलाई समजतो. माझं म्हणणं असं आहे की विमानप्रवासाची वेळ अंतरावर ठरते ही समजूतच अपुरी आहे. प्रवास जितका जवळचा आणि प्रवासी विमानतळापासून जितका लांब राहणारा, तितका त्या वेळेतला अंतराचा वाटा घटत जातो. पाचोडसारख्या गावाच्या बाबतीत तो इतका घटतो की विमानसेवेबद्दल आपण काय मागावं, याचाच फेरविचार करायला हवा.

आधी अंतर म्हणजे काय ते पाहू. दोन विमानतळांमधलं म्हणून जे अंतर सांगितलं जातं ते पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचं असतं. ते घरबसल्या काढता येतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्या अंशाचे साठ भाग केले की प्रत्येक भाग एक सागरी मैल होतो, म्हणजे १.८५२ किलोमीटर, वैमानिक अजूनही याच मापात बोलतात. चिकलठाणा १९.८६ अंश उत्तरेला आहे आणि दिल्लीचा विमानतळ २८.५७ अंशांवर. फरक ८.७ अंशांचा, म्हणजे उत्तरेकडे साधारण ९६५ किलोमीटर. दिल्ली पूर्वेलाही थोडी सरकलेली आहे, तिथले १७० किलोमीटर धरून काटकोन त्रिकोणाचा नियम लावला की ९८० किलोमीटर येतात. याच रीतीनं हैदराबाद ४३० आणि बंगळुरू ७८० किलोमीटरच्या आसपास निघतं. भारताच्या आतल्या प्रवासाला हा शाळेतला हिशेब पुरतो. लांबच्या प्रवासात मात्र सपाट नकाशा फसवतो. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला जायचं तर अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक असं पश्चिमेकडे आडवं जावं लागेल असं वाटतं. पृथ्वीच्या गोळ्यावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर तो मुंबईतून वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे झुकत निघतो, मध्य आशिया आणि रशिया ओलांडतो आणि आइसलँडच्या अक्षांशापर्यंत वर चढून मग अमेरिकेत उतरतो. लांबी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट आणखी ठळक आहे. आपल्याकडचं रेखांश आणि तिथलं रेखांश जवळजवळ समोरासमोर येतात, त्यामुळे आपल्याला तिथली सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांच्या चमूनं सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू हे एअर इंडियाचं विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. या दोन शहरांमधलं जवळचं अंतर चौदा हजार किलोमीटर. प्रत्यक्ष उड्डाणाचा मार्ग सोळा हजारांच्या घरात गेला.

हे दोन हजार किलोमीटर कुठून आले, हा प्रश्न पुढे घेऊच. आधी छोट्या मार्गावरची वाढीव मिनिटं पाहू, कारण आपल्या जिल्ह्याचा रोजचा संबंध त्यांच्याशी आहे. विमान कंपनी वेळापत्रकात जी वेळ लिहिते ती हवेत असण्याची वेळ नसते. विमान आपल्या थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरच्या थांब्यावर चाकं थांबेपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, परवानगीची वाट पाहणं, चढण, उतरण आणि पुन्हा थांब्यापर्यंत सरकणं हे सगळं तिच्यात येतं. दहा हजार फुटांच्या खाली विमानाला साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर ही मर्यादा पाळावी लागते. २८० किलोमीटरच्या मार्गावर विमान चढून सरळ होतं न होतं तोच उतरायला लागतं, म्हणून पूर्ण वेग त्याला जेमतेम काही मिनिटं मिळतो. त्यात पलीकडचं टोक मुंबई आहे. मुंबई विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. तरीही ८ डिसेंबर २०१८ या एका दिवसात तिथे १,००४ विमानं उतरली आणि उडाली. याचा अर्थ दिवस-रात्र धरून दर ८६ सेकंदांना एक. अशा ठिकाणी आलेल्या विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागणार हे गृहीतच असतं, आणि कंपन्या ती मिनिटं आधीच वेळापत्रकात मिळवून ठेवतात. म्हणून चिकलठाणा-मुंबई उड्डाणात अंतर कापण्याचा खरा वाटा एक-तृतीयांशापेक्षा कमी असतो. दिल्लीच्या उड्डाणात तो निम्म्याहून अधिक होतो, आणि मुंबई-न्यूयॉर्क मार्गावर नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो. दर किलोमीटरला अमुक मिनिटं असा एकच दर विमानप्रवासाला लावता येत नाही, तो यामुळे. उद्या कॉन्कॉर्डसारखं ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान चिकलठाण्याला आणलं तरी मुंबईच्या प्रवासात दहा-बारा मिनिटांपलीकडे काही वाचणार नाही.

यावर कोणी म्हणेल की छोट्या मार्गाचं ठीक आहे, पण लांबच्या मार्गावर तरी अंतर हेच वेळेचं मूळ आहे ना? नव्वद टक्के तुम्हीच कबूल केले. आक्षेप रास्त आहे, पण पुरावा त्याच्याही पुढे नेतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान नेहमीच्या अटलांटिकच्या वाटेऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेलं. अटलांटिकची वाट १३,९०० किलोमीटरची होती, पॅसिफिकची १५,३००. विमान १,४०० किलोमीटर जास्त उडालं आणि सुमारे साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे नेहमीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. कारण वरच्या थरातले वारे. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्यांचे वेगवान झोत वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत ठरलेला असतो. हवाच पूर्वेकडे सरकत असेल तर जमिनीच्या हिशेबानं पूर्वेकडे जाणारं विमान वेगवान होतं आणि पश्चिमेकडे जाणारं मंदावतं. मुंबईहून लंडनला जाताना जितका वेळ लागतो त्यापेक्षा परत येताना कमी लागतो, तो याच वाऱ्यांमुळे.

पॅसिफिकवरच्या त्या उड्डाणाच्या बातम्यांबरोबर एक चुकीचं स्पष्टीकरणही पसरलं आणि ते अजून ऐकू येतं: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून विमानाला तिच्या फिरण्याचा फायदा किंवा तोटा होतो. हे खरं असतं तर पाचोडवर तासभर स्थिर तरंगणारं हेलिकॉप्टर खाली आलं तेव्हा अरबी समुद्रात, ओमानच्या अलीकडे उतरलं असतं, कारण तासाभरात पृथ्वी १५ अंश फिरते आणि आपल्या अक्षांशावर ते दीड हजार किलोमीटरहून जास्त होतात. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि तिच्यातलं हेलिकॉप्टरही. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो आडून आहे: विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे निघालेली हवा या फिरण्यामुळे पूर्वेला वळते आणि तिचे झोत बनतात. विमानाला भेटतो तो वारा. घड्याळाचा घोळही याच जातीचा आहे. जानेवारीत मुंबईहून रात्री एकला निघालेलं विमान सोळा तास उडून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरतं, आणि तिकिटावर नजर टाकणाऱ्याला प्रवास साडेपाच तासांचा वाटतो. त्यात साडेदहा तासांचा स्थानिक वेळेचा फरक मिळवायचा राहून जातो.

वाऱ्याइतकाच मोठा वाटा सरहद्दींचा आहे. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते १६ जुलैपर्यंत. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेला वळसा घालावा लागला. दिल्ली-इस्तंबूल मार्गावर इंडिगोच्या विमानाला इंधनासाठी दोहाला उतरावं लागलं. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारनं राज्यसभेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते आकाश पुन्हा बंद झालं. या सगळ्या काळात दिल्ली आणि इस्तंबूल यांच्यातलं अंतर एका किलोमीटरनंही वाढलं नव्हतं. बंद आकाश, वारा, ध्रुवीय भागात संकट आल्यास उतरण्यासाठी लागणारे विमानतळ आणि आकाशातले आखून दिलेले रस्ते यांतून प्रत्यक्ष मार्ग ठरतो. बंगळुरूच्या विमानाचे ते वाढीव दोन हजार किलोमीटर अशाच गोष्टींमधून आलेले असतात.

मग निदान भाडं तरी अंतरावर ठरतं, असं म्हणावं का? सरकारनं ते तसं ठरवून पाहिलं. उडान योजनेत सुमारे पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक जागांसाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली गेली, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतल्या पहिल्या उड्डाणांमध्ये आपल्या मराठवाड्याचं नांदेड-हैदराबाद उड्डाण होतं. चांगली सुरुवात होती, पण नांदेडची सेवा पुढे खंडित झाली. अंतराप्रमाणे भाडं बांधता आलं, उड्डाण टिकवता आलं नाही. दुसरं उदाहरण चिकलठाण्याचंच आहे आणि माझ्या मते ते अधिक बोलकं आहे. या विमानतळावरून हज यात्रेकरूंसाठी थेट जेद्दाला विमानं गेली आहेत. मुंबई ते जेद्दा अंतर साडेतीन हजार किलोमीटर, चिकलठाणा ते जेद्दा पावणेचार हजार. फरक फार तर सात-आठ टक्क्यांचा. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरहून जाणाऱ्या यात्रेकरूंकडे मुंबईच्या तुलनेत सुमारे ८८ हजार रुपये जास्त मागितले गेले आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. इतका फरक किलोमीटरमधून येऊच शकत नाही. तो येतो प्रवाशांच्या कमी संख्येतून, यात्रेकरूंना सोडून रिकाम्या परतणाऱ्या विमानातून, आणि त्या एका विमानतळासाठी पुढे येणाऱ्या मोजक्या कंपन्यांमधून. गावाकडच्या एखाद्या म्हाताऱ्या यात्रेकरूला मुंबईची खेप वाचावी म्हणून दिलेली सोय त्याच्याच खिशाला सर्वांत जड व्हावी, हे मला अन्यायाचं वाटतं. आणि अंतराच्या भाषेत त्याचं समर्थन करता येत नाही.

आता पाचोडपाशी येऊ. मोसंबीच्या बाजारासाठी आणि ग्रामीण आरोग्याच्या संस्थेसाठी ओळखलं जाणारं हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, छत्रपती संभाजीनगर आणि बीड यांच्या मध्ये आहे. इथून आडूळमार्गे झाल्टा फाटा आणि तिथून जालना रस्त्यानं विमानतळ, असे पन्नासेक किलोमीटर होतात. विशेष म्हणजे मुख्य शहरात शिरण्याआधीच विमानतळ येतो. स्वतःचं वाहन असेल तर तास लागतो. उड्डाणाआधी दीड-दोन तास पोचायचं. मग सव्वा तासाचं उड्डाण, सामान घेऊन बाहेर पडणं आणि मुंबईतली गर्दी. पाच तासांच्या या प्रवासात अंतर कापणारी मिनिटं फक्त वीस, म्हणजे पंधरावा हिस्सा. दुसऱ्या बाजूला समृद्धी महामार्ग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पाचोडहून मोटारीनं मुंबई आता साधारण सहा तासांवर आली आहे. विमान आणि मोटार यांच्यात एका तासाचा फरक उरला, आणि दोन माणसं एकत्र निघाली तर पैशांच्या बाबतीत मोटारच सरस ठरते.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतील की रस्ता इतका चांगला झाल्यावर चिकलठाण्याच्या विमानतळाची गरज काय. हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण तो सगळ्या मार्गांना मुंबईच्या मापानं मोजतो. दिल्ली घ्या. नांदेडहून छत्रपती संभाजीनगर, मनमाडमार्गे जाणारी सचखंड एक्स्प्रेस दिल्लीला पोचवायला जवळपास एक पूर्ण दिवस घेते. विमानानं पाचोड ते दिल्ली घरापासून मुक्कामापर्यंत सहा तास धरले तरी सतरा-अठरा तास वाचतात. बंगळुरूचंही तसंच. म्हणजे चिकलठाण्याच्या विमानतळाची खरी किंमत मुंबईच्या उड्डाणात नाही, मधल्या अंतराच्या, पाचशे ते दीड हजार किलोमीटरच्या उड्डाणांमध्ये आहे. त्या पट्ट्यात विमान रस्त्याला आणि रेल्वेला निर्विवाद मागे टाकतं. पण तिथे दुसरी अडचण येते: उड्डाणं मोजकी. दिवसातून एकच विमान असेल आणि काम सकाळी अकराला संपून विमान संध्याकाळी सहाला असेल, तर सात तास नुसते बसून जातात. ही वेळ कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेली नसते, पण ती प्रवाशाचीच असते. विमानाचा वेग दुप्पट केला तर दिल्लीच्या मार्गावर अर्धा तास वाचेल. सकाळ-संध्याकाळ अशी दोन उड्डाणं ठेवली तर अर्धा दिवस वाचतो आणि बहुधा हॉटेलचा एक मुक्कामही.

परदेशी जाणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा होतो. मराठवाड्यातून अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलाकडे सहसा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा असतात. देशांतर्गत वेगळं तिकीट काढलं तर साधारण पंधरा किलोच चालतात आणि वरच्या प्रत्येक किलोला पैसे लागतात. दोन तिकिटं वेगळी असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून बहुतेक कुटुंबं सरळ मोटार करून मुंबईला जातात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. मुंबई परिसराला दुसरा विमानतळ मिळाला हे चांगलंच झालं. मात्र एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचं तिकीट कोणी काढून ठेवलं, तर सरळ रेषेतले पंचवीसेक किलोमीटर त्याला काही तासांना पडतील, हे तिकीट काढतानाच पाहायला हवं. साडेबारा हजार किलोमीटरच्या प्रवासात निर्णायक ठरणारा तुकडा हा असा असतो.

विमान कंपन्यांचं म्हणणं ठरलेलं आहे: प्रवासी नाहीत तर उड्डाणं कशी वाढवायची? त्यांना तोट्यात विमान उडवायला कोणी सांगू नये, हे मान्य. पण प्रवासी नाहीत आणि प्रवासी दुसरीकडे जातात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूज आणि शेंद्र्याचा उद्योग, अजिंठा-वेरूळला येणारे देशोदेशीचे पर्यटक, जालना आणि बीडचा व्यापारी हे सगळे प्रवास करतातच. सोयीची वेळ मिळाली नाही की ते पुणे, मुंबई किंवा २०१७ पासून सुरू असलेला शिर्डीचा विमानतळ गाठतात. एकेकाळी दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई असं एकाच विमानानं जोडलेलं पर्यटनाचं उड्डाण इथून जात असे, तेव्हा प्रवाशांची सोय वेळेच्या साखळीत पाहिली गेली होती. धावपट्टी सुमारे ९,३०० फुटांची आहे आणि ती वाढवण्याची चर्चा जोरात असते. लांब धावपट्टी हवीच. मे महिन्याच्या उन्हात हवा विरळ होते, विमानाला उडायला जास्त पल्ला लागतो, आणि थेट परदेशी उड्डाणांना त्याचा उपयोग होईल. पण पाचोड, अंबड, गेवराईच्या प्रवाशाला आज जे तास गमवावे लागतात ते धावपट्टीच्या लांबीमुळे गमवावे लागत नाहीत.

म्हणून विमानसेवेसाठी निवेदनं देणारे उद्योजक, व्यापारी आणि लोकप्रतिनिधी यांना विनंती आहे. नव्या शहरांची यादी मागण्याआधी आहे त्याच दिल्ली, बंगळुरू आणि हैदराबादच्या मार्गांवर सकाळी जाऊन रात्री परतता येईल अशा वेळा मागा. परदेशी उड्डाणांना जोडणारं, बॅगा शेवटच्या मुक्कामापर्यंत पोचवणारं एकच तिकीट मागा. हज यात्रेकरूंच्या भाड्यातल्या फरकाचा लेखी हिशेब मागा. आणि एसटी महामंडळाकडे बीड रस्त्यावरून, पाचोड-आडूळमार्गे, उड्डाणांच्या वेळा धरून थेट विमानतळाच्या दारात थांबणारी बस मागा. या सगळ्यांत सर्वांत कमी खर्च तिलाच येईल.